चोपन्नावे चित्र

मित्रांनो, या डोंगरात माझ्याइतके इंग्रजी कुणालाच येत नाही, आणि मी तर साधा बुटांचा खोका आहे. ही फुशारकी नव्हे. सान इसिद्रो गावात कुणालाही विचारा. जन्माला आलो तेव्हा माझ्यात अठ्ठावीस नंबरचे पुरुषी बूट होते. बूट झिजून गेले, मी राहिलो. पुढे ओब्दुलियाबाईंनी माझ्यात चोपन्न चित्रे भरली आणि माझा लोतेरिया झाला.

लोतेरिया हा आमच्या मेक्सिकोतला घरोघरचा खेळ. प्रत्येकापुढे चित्रांची एक पाटी आणि मूठभर राजम्याचे दाणे. एकजण गड्डीतले एकेक चित्र उचलून त्याविषयी काहीतरी गमतीचे पुकारतो. ज्याच्या पाटीवर ते चित्र असेल, तो त्यावर दाणा ठेवतो. ओळ भरली की 'लोतेरिया!' म्हणून बोंब ठोकायची.

ओब्दुलियाबाई शाळेत इंग्रजी शिकवत. त्या सांगत, की मोठमोठे इंग्रजी शब्द आपल्या लोकांना जड जात नाहीत, ते बहुतेक स्पॅनिशच्याच गोतावळ्यातले. जीव खातात ते बारके. 'लुक' म्हणजे पाहणे, इथवर ठीक. मागे 'फॉर' लागला की शोधणे, 'आफ्टर' लागला की सांभाळणे. मुले शंभर शंभर जोड्यांच्या याद्या घोकत आणि परीक्षा झाली की विसरत. मग बाईंनी रंग घेतले, खाऊच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले आणि एकही अक्षर न लिहिता या जोड्यांची चित्रे काढली. 'पुट आउट'साठी चुलीवर पाणी ओतणारी बाई. 'रन आउट'साठी तोर्तियांची, म्हणजे मक्याच्या भाकऱ्यांची, रिकामी टोपली. 'लुक आफ्टर'साठी डुकरिणीला पांघरूण घालणारी एनेदिनामावशी. ती गावात खरोखरच राहते आणि आजही रागावलेली आहे.

चोपन्नाव्या चित्राने मात्र बाईंना तीन आठवडे छळले. 'लुक फॉरवर्ड टू' म्हणजे कशाची तरी आनंदाने वाट पाहणे. ते कसे काढायचे? शेवटी बाईंनी आमचा चौक काढला. ऑक्टोबर संपत आलेला, सगळे गाव माना वर करून उभे आणि वर नुसते रिकामे आकाश. आमच्याकडे कुणाला ते समजावून सांगावे लागले नाही. नोव्हेंबरच्या तोंडावर, मृतांच्या सणाला, नारिंगी फुलपाखरांचे थवेच्या थवे आमच्या डोंगरावर उतरतात. गेलेली माणसेच त्या रूपाने घरी येतात, असे आम्ही मानतो.

बारा वर्षे मी गाजलो. दुसऱ्या गावांतले शिक्षक मला बघायला येत, आणि मी माझे झाकण कसे ताठ ठेवी म्हणून सांगू! मग शाळेत संगणक आले. बाई निवृत्त झाल्या. मला कपाटावर, फुटक्या पृथ्वीगोलाशेजारी ठेवले. उंदरांनी दाणे खाल्ले, एक कोपराही कुरतडला. दोन हिवाळे माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिले नाही. खोटे कशाला बोलू, मी रडवेला झालो होतो.

मला खाली आणले ते रेफुखियोमुळे. तिला सगळे कुका म्हणतात. बस थांबते तिथे ती गोर्दितास विकते. म्हणजे सारण भरलेल्या, जाडसर, गरमागरम मक्याच्या भाकऱ्या. तिचा नवरा नाबोर फुलपाखरांच्या डोंगरावर वाटाड्या होता. छपरावरून पडून त्याचा गुडघा कामातून गेला. गावाचा नियम असा, की घरटी वाटाड्याचा एकच बिल्ला. वाटाड्या थकला तर घरातल्या दुसऱ्या कुणी डोंगराच्या वाटेवर चालता चालता इंग्रजीची परीक्षा देऊन तो घ्यायचा. दोनदा नापास झाले की बिल्ला दुसऱ्या घराला. नाबोरच्या आजोबांपासून चालत आलेल्या त्या बिल्ल्यासाठी कुका एकदा नापास झाली होती. आता एकच संधी उरली होती.

ती रडत ओब्दुलियाबाईंकडे गेली.

"बाई, दोनशे शब्द पाठ केले होते मी. एपासून झेडपर्यंत!"

"मग झालं काय?" बाईंनी विचारले. घशाच्या आजाराने त्यांचा आवाज पार बसला होता.

"त्यांनी 'टी' अक्षरातलं विचारलं. मला टीपर्यंत पोचायला एपासून म्हणत यावं लागतं. मी एमला होते, तोवर परीक्षक पुढच्या वळणाला गेले."

बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शाळेतून मला मागून आणले, धूळ झटकली आणि राजम्याची नवी पुरचुंडी माझ्यात ठेवली.

दर शनिवारी सकाळी बाईंच्या पडवीत त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी आणि शेजारणी खेळायला जमू लागल्या. पहिल्या दिवशी कुका पाटी घेऊन बसली. बाईंनी ती काढून घेतली आणि गड्डी तिच्या हातात दिली.

"तू खेळायचं नाहीस. तू पुकारायचंस. माझा आवाज गेलाय, आणि तुझा गळा बस-थांब्यावरचा आहे. जोडीचं नाव घ्यायचं नाही हं, नुसता इशारा दे. नाव त्या ओळखतील."

"मला कुठलं सुचायला, बाई!"

"गिऱ्हाइकाला हाका मारताना सुचतं ना?"

कुकाने घाबरत रिकाम्या टोपलीचे चित्र उचलले. क्षणभर पाहिले. मग आमच्याकडच्या पुकारणाऱ्यांची जुनी आरोळी ठोकली, "निघाली, निघाली, पळत निघाली! नाबोर जेवायला बसला, आता टोपलीचं काय झालं?"

"रन आउट!" सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या. कुंपणाला टेकून उभा असलेला नाबोरही ओरडला.

"कुके, माझी अब्रू काढतेस होय?"

"म्हाताऱ्या, गप बस. तुझ्याच बिल्ल्यासाठी चाललंय हे!"

त्या दिवसापासून यादी संपली. प्रत्येक जोडीला गावातले एक माणूस मिळाले, एक चूल, एक भांडण मिळाले. एनेदिनामावशी स्वतः खेळायला येई आणि आपले चित्र निघाले की पुकारणारीला शिव्या घालून मग दाणा ठेवी.

परीक्षेच्या सकाळी कुका निरोप घ्यायला आली. बाईंनी माझ्यातले चोपन्नावे चित्र काढून तिच्या टोपीच्या पट्ट्यात खोचले. त्यामुळे तिथे जे घडले ते मी ऐकीव सांगत नाही. माझा एक तुकडा तिथे हजर होता.

ऑक्टोबरचा मध्य होता. डोंगरावर एकही फुलपाखरू नव्हते. शहरातून दोन परीक्षक आले होते, ते प्रवासी झाले आणि कुका वाटाडी. पहिल्याच प्रश्नाला ती अडली. ती मनात एपासून म्हणू लागली, हे मला टोपीतही कळले. मग ती थांबली. परीक्षकांकडे पाठ करून झाडांकडे वळली आणि हळूच म्हणाली, "निघाली, निघाली, पळत निघाली."

आणि तिला माणसे दिसू लागली. वाटेवर कुणीतरी पेटवलेल्या शेकोटीची राख होती. तिने बजावले की आग 'पुट आउट' केल्याशिवाय इथून कुणी हलायचे नाही. पाणी संपले तर काय, हे विचारल्यावर तिला टोपली आठवली आणि ती हसत हसत बोलली. तिचे इंग्रजी कुठे कुठे लंगडत होते, पण ते थांबत नव्हते.

शेवटी उंच परीक्षकबाईंनी रिकाम्या फांद्यांकडे बोट दाखवले. "इथे तर काहीच नाही. मग प्रवाशांना काय दाखवाल?"

कुकाने टोपी काढली आणि चित्र पुढे धरले. हा आमचा चौक, ती इंग्रजीत म्हणाली. दर वर्षी आम्ही असेच उभे राहतो. या दुसऱ्या रांगेत माझी आई असायची. आता मी तिची वाट बघते. वी लुक फॉरवर्ड टू हर.

परीक्षकबाईंनी चित्र हातात घेतले आणि दुसरी रांग बोटाने शोधली. मग त्यांनी कागदावर सही केली.

दुपारी कुका बिल्ला लावून धावतच पडवीत आली. बाईंचा आवाज आता पुरता गेला होता. त्यांनी माझ्या झाकणावर राजम्याचा एक दाणा ठेवला आणि कुकाकडे पाहिले. कुकाने त्यांच्या वाटचीही बोंब ठोकली, "लोतेरिया!" ती चौकापर्यंत ऐकू गेली. मित्रांनो, बारा वर्षांच्या कौतुकापेक्षा तो एक दाणा मला मोठा वाटतो.

पुढच्या वसंतात बाई गेल्या.

आता मी कुकाच्या घरी असतो. शनिवारी तिच्या पडवीत खेळ रंगतो, माझे कोपरे उसवतात, कुणीतरी चिकटपट्टी लावते. शाळेने मला काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी मागितले होते. कुका म्हणाली, "खेळायला या, तिथे बसा, हवं तर हरा. पण खोका मिळणार नाही." तुमच्याही घरी असा एखादा जुना खेळ असेल, तर मुलांनो, त्याला कपाटावर चढवू नका. फाटला तर फाटू द्या, हातात असू द्या.

ऑक्टोबर संपत आला की कुका चोपन्नावे चित्र काढून घेते आणि झेंडूच्या फुलांत, ओब्दुलियाबाईंच्या तसबिरीपुढे ठेवते. तेवढे दिवस मी त्रेपन्न चित्रांचा असतो आणि एकही बाई मला अपुरा म्हणत नाही. मग एका सकाळी चौकातून आरडाओरडा ऐकू येतो. पहिला थवा आलेला असतो. कुका बिल्ला लावते, दारात थांबून आकाशाकडे पाहते आणि हाक मारते, "या बाई, या. गड्डी पिसून ठेवली आहे."