कागदावर मेलेली मोटारसायकल

मित्रांनो, वीज कार्यालयाच्या आवारात पत्र्याखाली उभी असलेली ती मातकट रंगाची, उंच मडगार्डची मोटारसायकल मीच. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू शेवटी सर्वांना क्षमा करतात, असे मी ऐकून आहे. मी केली नाही. सात वर्षे मी एका माणसावरचा राग जपला, आणि त्या रागाचे पुढे काय झाले तेच तुम्हाला सांगणार आहे.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे माझ्या आराखड्याला तीस वर्षांत कुणी हात लावलेला नाही. एक सिलिंडर, वाऱ्याने थंड होणारे इंजिन आणि पायाने मारायची किक, एवढाच माझा संसार. मी डांबरावर चालते, तशीच दगडगोट्यांवर आणि गुडघाभर पाण्यातही चालते. मला फार वेगाने धावता येत नाही आणि मी दिसायलाही बेताचीच आहे. मात्र माझ्यात लपवाछपवी नाही. जे बिघडते ते दिसते, आणि जे दिसते ते साध्या पान्याने दुरुस्त होते.

मला पहिल्याच दिवशी एका वायरमनच्या ताब्यात दिले गेले. डोंगरातल्या विजेच्या लाइनवर दोनशे चौदा खांब होते, आणि शेवटच्या खांबापर्यंत रस्ता असा नव्हताच. आम्ही दोघांनी तो चाकांनी काढला. वादळात तार तुटली की तो माझ्या मागच्या सीटवर दोराचे वेटोळे बांधायचा आणि आम्ही निघायचो. वस्तीतली माणसे माझा आवाज ओळखत. "आली रे फटफटी, आता दिवे येतील," असे म्हणत ती दारात येऊन उभी राहत. मित्रांनो, कौतुक म्हणतात ते याहून वेगळे काय असणार?

वायरमनचा हात फार नेटका होता. चार दिवसांहून अधिक रजेवर जायचे असले की तो टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करी आणि नळीतले उरलेसुरले पेट्रोल जळून संपेपर्यंत मला चालू ठेवी. उभ्या गाडीत शिळे पेट्रोल साचून राहू नये, एवढाच त्याचा हेतू.

सोळाव्या वर्षी त्याच्या बायकोचे ऑपरेशन झाले आणि तो महिनाभर रजेवर गेला. नेमके त्याच महिन्यात नवे साहेब आले. प्रत्येक गोष्टीचा कागद करण्याच्या त्यांच्या सवयीमुळे कर्मचारी त्यांना पाठीमागे 'कागदसाहेब' म्हणत. वाहनांची तपासणी करताना त्यांनी मला किक मारली. एकदा, दहादा, तीसदा. कॉक बंद होता आणि माझ्या घशात पेट्रोलचा थेंबही नव्हता. त्यांनी वाकून टाकीखाली पाहिले नाही. रुमालाने कपाळ पुसले आणि लिहिले, 'इंजिन निकामी. संबंधित वायरमनचा हलगर्जीपणा.'

मला कोठीत ढकलून कुलूप लावले गेले. वायरमन परतला तेव्हा त्याने कोठीच्या दारातून विनवणी केली.

"साहेब, कॉक बंद असेल. पाच मिनिटं कुलूप काढा. मी चालू करून दाखवतो."

"कागद झाला आहे आता," साहेब म्हणाले.

"पण गाडी चांगली आहे, साहेब."

"मग कागद खोटा म्हणायचा का?"

तो शेरा त्याच्या सेवापुस्तकात गेला. उरलेली दोन वर्षे त्याने लाइन पायी फिरून काढली आणि त्या शेऱ्यासह तो निवृत्त झाला. पण माझा खरा राग त्याच्याही पुढचा आहे. शेवटच्या दिवशी तो कोठीच्या खिडकीशी आला आणि गजांमधून माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, "माझ्याकडूनच काहीतरी राहिलं असेल गं." ज्याच्या हातांनी दोनशे चौदा खांब जागे ठेवले, त्याचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला होता. माझी टाकी गंजली, टायर बसले, सीटवर मोडक्या खुर्च्या रचल्या गेल्या. ते मी एक वेळ सोडून दिले असते. ते वाक्य मला सोडता आले नाही. कोठीतल्या अंधारात मी एकच गोष्ट घोकत राहिले, की या माणसाचा पाय पुन्हा एकदा माझ्या किकवर पडावा.

सात वर्षांनी मला भंगारात काढायचे ठरले. तोवर वायरमनची मुलगी त्याच कार्यालयात वायरवुमन म्हणून लागली होती. सगळे तिला ताई म्हणत. तिने साहेबांकडे आठ दिवस मागितले.

"भंगाराला कसले आठ दिवस?" साहेब हसले. "घ्या, भागवा हौस."

ताईने मला उजेडात आणले आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसली. टाकीखाली हात घालताच ती थबकली. कॉक बंद होता, तिच्या बाबांनी केला होता तसाच. मग तिने टाकी धुतली, कार्बोरेटर उघडून साफ केला, नवे टायर आणि नवी क्लच केबल बसवली. दुकानदाराने केबल देताना माझे सालसुद्धा विचारले नाही, हे तिने घरी सांगितले तेव्हा बाबा म्हणे पुष्कळ दिवसांनी हसले. "हिचं साल कशाला विचारेल? काल जन्मलेलीलाही तीच केबल लागते," असे त्यांनी म्हटल्याचे तिने मला नट आवळताना सांगितले.

आठव्या दिवशी ती बाबांना हाताला धरून आवारात घेऊन आली. ते फाटकाशीच उभे राहिले. कर्मचारी जमले. तिने कॉक उघडला, आणि तिसऱ्या किकला मी चालू झाले. तोच आवाज.

"कॉक बंद होता, साहेब," ताई म्हणाली. "तेव्हाही बंदच असणार."

साहेबांच्या मानेवर लाली चढली. "तुम्ही वाटेल ते बदलून चालू केलीत. बंद करा. मी स्वतः बघतो."

फाटकाशी उभे असलेले वायरमन तेवढ्यात बोलले, "साहेब, किक पूर्ण खालपर्यंत न्या. अर्ध्यावर सोडू नका."

"मला शिकवू नका."

साहेबांनी नाइलाजाने मारावी तशी अर्धवट किक मारली. मित्रांनो, अशी किक उलटते. सात वर्षे साठवलेल्या जोराने मी तो दांडा त्यांच्या घोट्यावर परत फेकला. ते खाली बसले. मला खेद झाला, असे मी म्हणणार नाही.

कार्यालयाची जीप लाइनवर गेली होती आणि दवाखान्याची वाट दगडांची होती. शेवटी वायरमनच पुढे आले. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, मला चालू केले आणि म्हणाले, "बसा, साहेब. खांदा धरा." ज्यांना हलगर्जी ठरवले त्यांच्या खांद्याला धरून, जिला मेलेली ठरवले तिच्या पाठीवर, साहेब डोंगर उतरले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी घोटा बांधला. माझ्यापासून दोन हातांवर, उघड्या खिडकीशी त्या लिहायला बसल्या.

"कामावर असताना लागलंय का?"

"हो. रजेसाठी कागद लागेल," साहेब म्हणाले.

"मग कारण नीट सांगा. कशानं लागलं?"

"किक लागली."

"बंद पडलेल्या गाडीची की चालू स्थितीतल्या?"

साहेब बांधलेल्या घोट्याकडे पाहू लागले. वायरमन दाराशी उभे राहून शांतपणे म्हणाले, "निकामी इंजिन लाथ मारत नाही, बाई."

"चालू," साहेब पुटपुटले.

बाईंनी लिहिले, 'चालू स्थितीतील मोटारसायकलची किक उलटून दुखापत.' खाली गाडीचा क्रमांक. रजा हवी होती म्हणून साहेबांनी त्याखाली स्वतःच्या हाताने सही केली. तो कागद वरच्या कार्यालयात गेला, तेव्हा ताईने त्याला साहेबांचा जुना कागद जोडला. महिनाभरात वायरमनच्या सेवापुस्तकातला शेरा खोडला गेला.

मित्रांनो, एखाद्या वस्तूला निकामी म्हणण्याआधी वाकून पाहा. त्याहून आधी ती कुणाच्या हातची आहे, ते विचारा. कारण वस्तूला लावलेला डाग तिथेच थांबत नाही, तो त्या हातांपर्यंत पोहोचतो. आणि एवढे करायचे नसेल, तर निदान तिच्यापासून पाय जपून ठेवा.

साहेब हल्ली थोडे लंगडतात आणि आवारातून जाताना लांबच्या भिंतीकडून जातात. वायरमन मात्र दर आठवड्याला येतात. शेरा खोडल्याचे पत्र हाती आले त्या दिवशी ते माझ्याजवळ उभे राहिले. ते पत्र त्यांनी दोनदा वाचले, मग आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून कितीतरी वेळ पाहिले, आणि मला घेऊन शेवटच्या खांबापर्यंत गेले.