हंड्यावरचा पोचा

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. ज्याचा बसेल त्याला माझ्या वाटणीचा ग्लास. आजवर तो ग्लास दर वेळी मलाच प्यावा लागला आहे.

बसा बाकांवर. माझा कोट त्या तांब्याच्या हंड्यावर टाकलाय, तो तसाच राहू द्या. त्याच्याखाली एक पोचा आहे, माणसाचं डोकं मावेल एवढा. गोष्ट त्याचीच आहे. पण आधी कामाचं बोलू, कारण तुम्ही हिवाळ्याच्या सुट्टीसाठी बिअर निवडायला आलात, म्हाताऱ्याचं तोंड बघायला नाही.

जेवणाबरोबर हवी असेल तर ही फिकी न्या. ती कोणाशी भांडत नाही. सासरची मंडळी मुक्कामाला येणार असतील तर ही धुरकट वासाची न्या. पहिल्या घोटाला नाक मुरडतील, दुसऱ्याला गप्प होतील, आणि सासरची मंडळी गप्प झाली की खरी सुट्टी सुरू होते. आणि ही काळसर तांबडी, लवंगेची नि संत्र्याच्या सालीची. ग्लास दोन्ही हातांत धरा, जरा ऊब लागू द्या, मग हुंगा. थुंकायचं नाही. वाइनवाले थुंकतात, त्यांचं त्यांच्यापाशी. बिअरचा कडूपणा जिभेच्या मुळाशी कळतो, म्हणून ती गिळावीच लागते. आमच्या धंद्यात थुंकणारा टिकत नाही.

या तांबडीपायी या खोलीत रक्त सांडलंय. तुमच्या पायांखालच्या फरशीचा रंग उगाच असा नाही.

हा कारखाना माझ्या बहिणीचा. ती बघा, पलीकडे बाटल्या पुसतेय आणि आपलं लक्ष नाही असं दाखवतेय. आमचे मेहुणे गेले ते मागे एक पुरुषभर उंच, झाकणाचा हंडा आणि दोन मुलगे ठेवून गेले. हंडा तांब्याचा, मुलगे दगडाचे. थोरल्याचं म्हणणं, हिवाळ्याची बिअर काळी आणि कडूच हवी, जव पार कोळशाच्या रंगावर भाजा. धाकट्याचं म्हणणं, माणसं थंडीत कुडकुडत येतात, त्यांना वर कडू पाजून मारायचंय का. लवंग घाला, साल घाला. एवढ्यावरून दोघांचं बोलणं तुटलं. एकाच हंड्यात दोघं वल्हं फिरवायचे आणि बोलायचे आईमार्फत. आई, त्याला सांग आच कमी कर. आई, त्याला सांग मला डोळे आहेत. सांगून सांगून तिचा घसा बसला, पण हे दोघे काही वाकेनात.

शेवटी बहिणीने फर्मान काढलं. या हिवाळ्यात बिअर एकच होईल, जव थोरल्याच्या हातचा आणि मसाला धाकट्याच्या. ती दादा चाखेल. म्हणजे मी. तेव्हा चौकातल्या मोठ्या दुकानाची हिवाळी पाटी माझ्या जिभेवर चालायची. मी ज्या बाटलीचं नाव पाटीवर चढवलं ती घरोघर गेलीच म्हणून समजा. नाव चढलं तर धंदा एकत्र. नाही चढलं, किंवा चाखण्याच्या दिवशी एकाने जरी दुसऱ्यावर हात उचलला, तर हंडा उभा चिरायचा, अर्धा याला, अर्धा त्याला. आणि अर्ध्या हंड्यात बिअर सोडा, पाणीसुद्धा ठरत नाही. मुलांना वाटलं, आई नुसतं बोलतेय. माझी बहीण बोलत नाही, ती करवत आणते. चाखण्याच्या दिवशी तिने तांबट बोलावून ठेवला, करवतीसकट. हा तांबट म्हणजे देह रेड्याचा आणि मिशा अशा की दारातून येताना तिरका व्हायचा. तो तुम्ही बसलाय त्याच बाकावर बसला आणि हंड्याकडे असा बघत राहिला, जसा खाटीक बघतो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढचा रक्तपात फुकट जाईल. बिअर बाटलीत भरण्याआधी पिंपात थोडा साखरेचा पाक ओततात. बाटलीला बूच लागलं की आतली जिवंत आंबवण ती साखर खाते आणि फेस तयार करते. पाक थोडा असेल तर फेस, जास्त झाला तर सुरुंग. म्हणून मेहुण्यांची शिस्त होती. पाक ओतणाऱ्याने ओरडायचं, "पडली." दुसऱ्याने येऊन पिंपात बघायचं आणि ओरडायचं, "पाहिली." त्याशिवाय बुचांना हात लावायचा नाही. शेजारपाजारच्यांना या आरोळ्या पाठ होत्या.

आता जे एकमेकांशी बोलत नाहीत ते ओरडणार कसे? बाटल्या भरायच्या दिवशी बहीण दुकानात पाटीचं बोलायला गेली होती. सकाळी थोरल्याने पाक ओतला आणि तोंड मिटून निघून गेला. दुपारी धाकटा आला, आरोळी काही ऐकली नव्हती, तेव्हा याने काही ओतलेलं नाही असं धरून त्यानेही ओतला. बरं, घोटभर चाखली असती तरी कळलं असतं. पण दोघांनीही चाखली नाही. तिच्यात दुसऱ्याचा हात होता ना. चाखली आणि चुकून आवडली तर तोंड कुठे लपवायचं?

चाखण्याच्या दिवशी मी सकाळीच येऊन सांगितलं की काळी बिअर गार प्यायली तर जीभ झोपते, तेव्हा बाटल्या तळघरातून वर आणा आणि शेगडीजवळ मांडा. मांडल्या. मी ग्लास पुसला, नाक शिंकरून मोकळं केलं. धाकट्याने पहिली बाटली उचलली.

ती त्याच्या हातातच फुटली. आवाज असा झाला की चौकातल्या घोड्यांनी दावी तोडली. काचेचा तुकडा थोरल्याच्या गालात गेला आणि तिथेच आरसा टांगावा तसा लटकत राहिला. धाकट्याच्या तळव्यातून रक्ताची धार लागली. थोरल्याला वाटलं, याने बाटली आपल्या तोंडावर फेकली. धाकट्याला वाटलं, याने बाटलीत काहीतरी कालवलं. दोघांपैकी एकाने जरी विचारलं असतं तरी प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण विचारायचं तर बोलायला हवं.

थोरल्याने ढवळायचं वल्हं उचललं आणि धाकट्याच्या बरगडीवर असं घातलं की वल्ह्याचे दोन तुकडे झाले. बरगडीचे किती झाले ते नंतर डॉक्टरने सांगितलं, पण त्याचा आकडा तुम्हाला पटणार नाही. धाकटा खाली पडताना थोरल्याच्या पायाला चावला. ओढत, फरपटत दोघं बाटल्यांवर जाऊन आदळले आणि मग एक सोडून सगळ्याच बाटल्यांनी तोंड उघडलं. एक छताला लागली. एक शेगडीत गेली आणि निखारे घेऊन बाहेर आली. बुचं गोफणीच्या दगडांसारखी फिरत होती. एका बुचाने तांबटाची डावी मिशी मुळासकट नेली. ती मिशी त्या तुळईला चिकटून अजून तिथेच आहे; अंधार आहे म्हणून दिसत नाही.

बहिणीने कालथा घेऊन दोघांच्या पाठी सडकल्या. धूळ झटकल्याइतकाही परिणाम झाला नाही. धाकट्याने पिंपाचं लोखंडी कडं काढून थोरल्याच्या गळ्यात घातलं आणि पिळलं. थोरला निळा पडला. त्याने डोकं मागे नेऊन धाकट्याच्या नाकावर आपटलं. नाक मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे, कोरडी काटकी मोडावी तसा. गुडघाभर फेस झाला होता, पांढरा नाही, गुलाबी. त्यात एक दात तरंगत होता. तो कोणाचा हे आजवर ठरलेलं नाही. दोघंही आपला नाही म्हणतात.

मग थोरल्याच्या हाताला फुटक्या बाटलीचा गळा लागला. इथे मी वाढवून सांगत नाही. तो धाकट्याच्या छातीवर बसला होता, काच त्याच्या गळ्याच्या घाटीवर टेकलेली होती, आणि त्याच्या डोळ्यांत भाऊ नव्हता. माझी बहीण थांबली. कालथा तिच्या हातातून पडला. काच कातडीत थोडी रुतली आणि रक्ताचा एक थेंब वर आला.

तेवढ्यात थोरल्याच्या मिशीवरचा फेस ओघळून ओठावर आला. आणि तो पडला बिअर करणारा माणूस. ओठावर फेस आला की जीभ बाहेर येते. त्याला इलाज नाही, शिंकेसारखं असतं ते. त्याने ओठ चाटला. हात थांबला. पुन्हा चाटला. मग तो दोन हिवाळ्यांत पहिल्यांदा भावाशी बोलला.

"साखर घातलीस?"

"घातली," धाकटा खालून म्हणाला. नाक मोडल्यामुळे आवाज पिंपातून आल्यासारखा येत होता. "तू?"

"मीपण."

"ओरडला का नाहीस?"

"तू ओरडलास?"

काच बाजूला पडली. थोरला छातीवरून उठला नाही, पण वजन थोडं कमी केलं असावं, कारण धाकट्याने श्वास घेतला. मग धाकट्यानेही स्वतःच्या गालावरचा फेस बोटाने पुसला आणि चाखला. रक्त वजा करून चाखायचं म्हणजे सोपं काम नाही. त्याने डोळे मिटले. कडू बरं झालंय, म्हणाला. थोरला म्हणाला, साल मला वाटली तेवढी वाईट नाही. दोघं आणखी चाखायला लागले, फरशीवरून, एकमेकांच्या शर्टावरून. खून राहिला बाजूला.

पण तांबट राहिला होता ना. अर्ध्या मिशीचा माणूस शुद्धीवर नसतो. त्याला तर सांगितलंच होतं, हात उचलला तर हंडा चिर. हात, पाय, दात, डोकं, सगळंच उचललं गेलं होतं. तो करवत घेऊन उठला, करवतीचं पातं फेसात घसरलं, तेव्हा त्याने ती फेकली आणि भिंतीवरचा मोठा हातोडा काढला. चिरता येत नाही तर चेपतो, म्हणाला. दोघं भाऊ त्याच्यावर तुटून पडले, या वेळी एका बाजूने. थोरल्याने गुडघ्यात हाणलं, धाकट्याने उरलेल्या मिशीला लोंबकळून ती उपटली. पण रेडा तो रेडाच. दोघांना अंगावर घेऊन तो हंड्यापर्यंत पोचला आणि हातोडा वर गेला.

पुढचं सांगण्याआधी पाटीचं सांगतो, नाहीतर राहून जाईल. एक बाटली वाचली होती. दुसऱ्या दिवशी मी ती दाराच्या फटीतून, काठीने बूच पाडून उघडली आणि जे उरलं ते प्यायलो. तेवढ्यावर पाटीवर लिहिलं, या हिवाळ्यात एकच, आणि खाली बारीक अक्षरात, उघडताना तोंड फिरवा. तेव्हापासून दर हिवाळ्यात ती पाटीवर आहे. आता पाक एकदाच पडतो, आरोळ्या दोनदा होतात. मघाशी तुम्ही दचकलात ना, तळघरातून कोणीतरी ओरडलं म्हणून? ते माझे भाचे. धंदा एकत्र आहे, नाक तेवढं वाकडं राहिलं.

हं, तर हातोडा वर गेला. आता हंडा कोणी वाचवला असं तुम्ही विचाराल. विचारा. मोठेपणा सांगायची मला सवय नाही, पण मी पुढे झालो. या वयाच्या जवळपास होतो तेव्हाही. हंड्याला पाठ लावली, दोन्ही हात पसरले आणि तांबटाला म्हणालो, आधी मला चेप, मग याला. त्याने चेपलं. घाव माझ्या छातीवर बसला, पाठीतून पार झाला आणि मागे हंड्याला पोचा पाडून थांबला. बरगड्यांनी अर्धा जोर खाल्ला म्हणून पोच्यावर निभावलं, नाहीतर तिथे भोक असतं. तांबट माझ्याकडे बघून रडायला लागला, हातोडा टाकला, पाया पडला. हा मी आणि हा हंडा. विश्वास बसत नसेल तर छातीला कान लावा, श्वास घेताना अजून तांबं वाजतं.

या कडेच्या पाहुण्यांना जरा ओत गं, ग्लास रिकामा दिसतोय. आणि तो कोट राहू दे. राहू दे म्हणतो ना, थंडी आहे, लागेल मला.

बहिणीने बाटली पुसून खाली ठेवली, फडकं खांद्यावर टाकलं, हंड्यापाशी आली आणि माझा कोट उचलून माझ्या मांडीवर टाकला. मग तिने कडेच्या पाहुण्याचा हात धरला आणि त्याचा तळवा तांब्यावर, बरोब्बर त्या जागी ठेवला.

"दादा," ती म्हणाली, "हातोड्याचा पोचा आत जातो. हा बाहेर आलाय. पहिली बाटली फुटली तेव्हा हंड्यात शिरून झाकण कोणी ओढून घेतलं होतं, आणि हातोडा झाकणावर वाजला तेव्हा दचकून आतून डोकं कोणी आपटलं, ते तू सांगतोस का मी सांगू?"