ठकुबाईची इर्जिक

ठकुबाईचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. तसं ते एरवीही फारसं जागेवर नसे, पण आज त्याला कारण होतं. तरव्याच्या वाफ्यातलं भाताचं रोप वाढून शेंड्याला पिवळं पडायला लागलं होतं, खाचरं चिखलणी होऊन तयार होती, वरून पाऊस ओतत होता, आणि लावणीला माणूस म्हणून मिळत नव्हतं. आणखी थोडे दिवस असेच गेले, की रोप गुरांपुढं टाकायचं आणि खाचर पडीक ठेवायचं.

विंझर गावाच्या वर डोंगराच्या कुशीतली त्यांची वाडी. इथं लावणी सावडीनं व्हायची. आज आम्ही तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही आमच्या. पण चैत्रात बातमी आली, की पलटणीत गेलेला मानसिंग, ठकुबाईचा एकुलता एक लेक, लढाईत तिकडं परमुलखात पडला. त्यानंतर त्या घरातलं कुणी कुणाच्या बांधावर गेलं नाही. जे आपण होऊन कुणाकडं गेलेच नाहीत, त्यांच्याकडं सावड फेडायला कोण येणार?

उरली इर्जिक. ढोल वाजवून आसपासच्या वाड्यांना हाक द्यायची, येईल त्याला पोटभर जेवण घालायचं आणि एका दिवसात सारी लावणी उरकायची. पण ढोलाशिवाय इर्जिक म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. आणि या वाड्यांमध्ये ढोल वाजवावा तो मानसिंगनं. बाकीचे तरणे पुरुष मुंबईला गिरण्यांत नाहीतर पलटणीत. मागं राहिले म्हातारे. त्यांच्या गळ्यात ढोल अडकवला असता तर ते ढोलासकट आडवे झाले असते.

मानसिंगचं खाचर पडीक पडलं म्हणजे मानसिंग खरंच गेला, असं ठकुबाईच्या मनानं घेतलं होतं. आणि ते ती होऊ देणार नव्हती.

घरात ही सून, रतन. कामात कुणाला हार जायची नाही, पण तोंडातून 'व्हय' आणि 'न्हाई' यांच्यापलीकडे शब्द नाही. बातमी आली त्या दिवशी वाडीतल्या साऱ्या बायका गळा काढून रडल्या. ही आपली खांबाला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसून राहिली. तेव्हापासून ठकुबाईच्या मनात तिच्याबद्दल अढी बसली होती. नवरा गेला आणि डोळ्याला पाण्याचा टिपूस नाही! ठकुबाई स्वतः रडली नव्हती, ती गोष्ट वेगळी. मढं नाही, राख नाही, नुसत्या कागदानं कुणी मरतं का, असं ती म्हणायची आणि भांडी आपटायची.

त्या दिवशी तिनं आढ्याला टांगलेला मानसिंगचा ढोल खाली काढला आणि शेजारच्या बायकांना पडवीत बोलावलं.

"अगं ठकुबाई, अजून वर्स सरलं न्हाई," चंद्राबाई म्हणाली. चंद्राबाई म्हणजे शेजारीण, अंगानं भरलेली आणि प्रत्येक कामात एक शंका काढणारी. "दुखवट्याच्या घरात ढोल?"

"भाताला सांग दुखवटा पाळायला. थांबतंय का बघ."

"आन् बाईमानसानं ढोलाला हात लावला तर कातडं फाटतं म्हनत्यात."

"फाटलं तर शिवीन. तू धर त्या बाजूनं."

पावसाळी हवेनं कातडं सैल पडलेलं. टिपरू मारलं तर ओल्या गोधडीवर काठी मारल्यासारखा आवाज निघाला. मग चुलीवर ढोल शेकणं आलं. ते काम चंद्राबाईनं अंगावर घेतलं आणि भाकरी शेकावी तसा ती ढोल या अंगावरून त्या अंगावर करायला लागली. "अगं करपवशील!" ठकुबाई ओरडली. "कालवनाबरूबर खायचाय व्हय त्यो?"

शेवटी ढोल ठकुबाईच्या गळ्यात पडला. चंद्राबाईनं भजनाच्या झांजा घेतल्या, कारण भजन करणारे सगळे मुंबईत होते आणि झांजा देवळात नुसत्या हिरव्या पडत होत्या. कुणी परात घेतली. घासलेटचा रिकामा डबा साळूबाईच्या वाट्याला आला. साळूबाईचा नवरा मुंबईत आणि सासू घरात, त्यामुळं तिचा आवाज वाडीत कुणी धड ऐकलेला नव्हता. ती डब्यावर बोटं अशी ठेवी, जसा काही डबा झोपलाय आणि त्याची झोप मोडायला नको.

"जेवली न्हाईस का?" ठकुबाई म्हणाली. "बडव की!"

पुढचा सगळा वेळ ठकुबाईचा जीव मेटाकुटीला आला. चंद्राबाईची झांज सगळ्यांच्या पुढं पळायची. परातवालीला मधेच चुलीवरचं कालवण आठवायचं. एकीला हसू आलं की सगळ्याजणी पदर तोंडात कोंबून बसायच्या. ठकुबाईनं त्यांच्या आयांचा उद्धार केला, सासवांचा केला, आणि कुणास ठाऊक कसं, त्या शिव्यांच्या भरात सगळ्यांचे हात एकदम जुळले. आवाज असा उठला की पडवीचं कूड थरथरलं. साळूबाईनं तर डब्याला पोचे पाडले. तिचं तोंड लालबुंद झालं होतं, पदर खांद्यावर पडला होता आणि तो सावरायचं तिला भानही नव्हतं.

"जमलं गं बायांनो!" ठकुबाई म्हणाली. कित्येक महिन्यांत तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं बरं वाक्य.

ढोलाची हाक खालच्या वाडीला पोचली, हे नक्की. कारण थोड्या वेळानं खालच्या वाडीचा म्हातारा कोंडिबा चिखलानं माखून वर आला. त्याच्यामागं निम्मी वाडी. कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या हातात काठी, आणि बरोबर भुंकणारी कुत्री.

"कुठंय वाघरू?" कोंडिबानं धापा टाकत विचारलं.

"कसलं वाघरू? इर्जिकीला बोलावलंय तुमाला."

कोंडिबा उंबऱ्यावर मटकन बसला. "अवो ठकुबाई, ह्यो हाका हाय! वाघरू गुरांत शिरलं की ह्यो ठेका वाजवत्यात. जीव मुठीत धरून आलो आमी. म्या दोनदा पडलो!"

"पडलासा ते पडलासा. आता आलाच हायसा, तर उद्या लावनीला या."

"असं व्हत न्हाई. इर्जिक ठेक्यावर चालती. ठेका न्हाई तर जो तो मनाला येईल तसं लावणार, कुनी पुढं, कुनी मागं, आन् सांजपातूर अर्दंबी खाचर व्हायचं न्हाई." तो कमरेवर हात ठेवून उठला. "म्हनून म्हनतो, बायकांचं काम न्हवं ह्ये. पर इर्जिकीचा ठेका उद्या सकाळी ऐकू आला तर येऊ. न्हाई आला तर न्हाई."

तो गेला आणि ठकुबाईचा सगळा संताप बायकांवर निघाला. पुन्हा वाजवून बघितलं, तर पुन्हा वाघरूच. तिसऱ्यांदा वाजवलं, तर धड वाघरूही नाही आणि धड काही नाही.

"जल्म गेला की गं तुमचा त्या ठेक्यावर चिखल तुडवन्यात!" ती करवादली. "दरसाल ऐकलाय. मग एकीलाबी आठवत कसा न्हाई? डोसक्यात काय शेन भरलंय?"

मग डब्यामागून साळूबाईचा आवाज आला. "उभ्यानं कुटं ऐकलाय, अक्का?"

"म्हंजी?"

"ढोलवाला बांधावर उभा असतोय. आमी चिखलात वाकलेल्या. कायम वाकूनच ऐकलाय आमी."

पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं. ठकुबाईनं स्वतःही तो ठेका कधी ताठ मानेनं ऐकला नव्हता. कानांना तो ठाऊकच नव्हता. ठाऊक होता तो कमरेला आणि बोटांना.

"वाका मग!" ती म्हणाली.

पडवीतल्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर बायका ओळीनं वाकल्या. डाव्या हातात नसलेली रोपाची जुडी, उजव्या हाताची बोटं नसलेल्या चिखलात, आणि एकेक पाऊल मागं. आधी खिदळणं झालं. मागं सरकता सरकता चंद्राबाई कणगीवर आदळली आणि पुन्हा खिदळणं झालं. पण हळूहळू हात एकसारखे पडायला लागले. दोन झपझप, एक दमानं, मग पाऊल. ठकुबाई त्यांच्या हातांकडं बघत होती. हात खाली गेला की तिनं टिपरू मारलं. पुन्हा गेला, पुन्हा मारलं. आणि ठेका आला. झांज घेतलेल्या चंद्राबाईनंही वाकूनच वाजवलं, तेव्हा तिची झांजही जागेवर राहिली. वाकलेल्या माणसाला घाई करता येत नाही.

तो मानसिंगचाच ठेका होता. ठकुबाईच्या काळजात एकदम कळ उठली. तिनं ती तिथल्या तिथं दाबली आणि चंद्राबाईवर खेकसली, "काय बगतीस? वाजव!"

मग दिवस मावळेपर्यंत कुणाला घरची आठवण झाली नाही. ढोल या गळ्यातून त्या गळ्यात गेला. साळूबाईची पाळी आली तेव्हा तिनं सणालाही घरी न येणाऱ्या नवऱ्याचं नाव घेतलं आणि ढोल असा काही बडवला, की बायकांची हसून हसून पोटं दुखली. साळूबाईही हसली, मग थोडी रडली, मग पुन्हा वाजवायला लागली. रतन दाराच्या चौकटीत उभी राहून बघत होती.

"ये की गं," चंद्राबाई म्हणाली.

"न्हाई," रतन म्हणाली. ठकुबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरून ढोल वाजला आणि माणसं आली. घोंगड्या पांघरून, इरली घेऊन, दोन्ही वाड्यांची आली, काही पार विंझरहून आली. कोंडिबा सगळ्यांत शेवटी आला. त्यानं कान देऊन ऐकलं, तंबाखूची पिंक टाकली आणि नाइलाजानं म्हणाला, "ठेका हाय खरा." मग तो चिखलात उतरला. रतनही पदर खोचून ओळीत वाकली.

इर्जिकीची रीत अशी, की ढोल चालू आहे तोवर कुणी हात थांबवायचा नाही. पाऊस कोसळो की पायाला जळू लागो. ढोल थांबला की पाठ सरळ करायची. सकाळभर बायकांनी ढोल आलटूनपालटून वाजवला. जेवणं झाली, आणि त्यानंतर ठकुबाईनं ढोल गळ्यात घातला तो कुणाला देईचना. चंद्राबाई घ्यायला आली, तिला तिनं हाकललं. साळूबाईला नुसत्या डोळ्यांनीच परत पाठवलं.

खाचरामागून खाचर हिरवं होत गेलं. शेवटचं खाचर भरलं. तरी ढोल चालूच. माणसं वाकलेलीच. काय करणार? राहिलेल्या जुड्या घेऊन ती बांध ओलांडून पलीकडच्या खाचरात शिरली आणि तिथं लावायला लागली.

"अगं बये, थांबीव!" चंद्राबाई तिथून ओरडली. "कंबर मोडली आमची! ह्ये कोंडिबाचं खाचर हाय, आपलं न्हवं!"

"वाजू द्या, वाजू द्या," कोंडिबा म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचं तोंड हसरं झालं होतं.

ठकुबाईला सगळं ऐकू येत होतं. हात थांबत नव्हता. हा ठेका चालू आहे तोवर बांधावर मानसिंग आहे, आणि टिपरू खाली ठेवलं की तो नाही. मग कधीच नाही. इतकं साधं होतं ते. आधी खाचर लावून झालं की मन निवेल असं तिला वाटलं होतं. खाचर लावून झालं होतं आणि मन निवलं नव्हतं. दंडाला गोळे आले होते, टिपरू हातातून निसटत होतं आणि ती मारतच होती.

चिखलानं भरलेला एक हात तिच्या मनगटावर पडला. रतन.

"आत्याबाई, सरलं."

"सोड. रोप हाय अजून."

"रोप हाय, खाचर न्हाई. सरलं, आत्याबाई."

ढोल थांबला. दोन्ही खाचरांतल्या माणसांनी कण्हत-कुंथत पाठी सरळ केल्या. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पडणारं पाणी तेवढं वाजत होतं, आणि ठकुबाईला ते सहन होईना. तिला कुणावर तरी ओरडायला हवं होतं. समोर रतन होती.

"तुला काय गं त्याचं! सरलं म्हनाय काय जातंय तुजं? नवरा गेला, तरी डोळ्याला पानी न्हाई तुज्या! दगूड हायस दगूड!"

रतननं मान खाली घातली. "तुमी रडला न्हाईसा," ती म्हणाली.

"मग?"

"तुमच्या आदी म्या कशी रडू? तुमच्या आदी कदी जेवले न्हाई, कदी निजले न्हाई. वाट बगत हुते."

ठकुबाईच्या आता ध्यानात आलं. चैत्रापासून ही पोर वाट बघत होती. रोज रात्री सासूचं जेवण आटोपण्याची वाट बघावी तशी. आणि आपण रोज तिला दगड म्हणत होतो.

"अगं मग सांगायचं न्हाई व्हय, सटवे!" ती ओरडली. ओरडता ओरडता तिचा आवाज फाटला. बांधावर फतकल मारून, ढोलावर डोकं टेकून ती हमसून हमसून रडायला लागली.

तेव्हा कुठं रतन तिच्याजवळ बसली आणि रडली.