परतलेला मासा

बबडी आईच्या हातून घास घ्यायची, पण आत्याच्या मांडीवर बसूनच. आई दवाखान्यात भरती झाली तेव्हा पोरगी नुकती रांगायला लागली होती. आजार संसर्गाचा, त्यामुळे भेटीगाठीही बंद. वर्ष उलटून आई बरी होऊन घरी आली, तर बबडी घरभर दुडूदुडू धावत होती आणि आत्यालाच ‘आई’ म्हणत होती.

“मी नाही गं शिकवलं तिला,” भांडी विसळता विसळता नणंद म्हणाली आणि तिने नळ उगाचच मोठा सोडला.

येत्या शनिवारी नणंदेला आपल्या घरी परतायचं होतं. तिच्या नवऱ्याने इतके दिवस हाताने करून खाल्लं, हेच पुष्कळ. त्याआधी पोरीने आपल्याला जवळ करावं, एवढं एकच बबडीच्या आईच्या डोक्यात घोळत होतं.

ती मत्स्यालयात टाक्या सांभाळायची. तिथला विदूषक मासा समुद्रफुलात राहतो. ते नावाचंच फूल. खरं तर तो प्राणी, इतर माशांना डंख मारून गिळणारा. विदूषकाला मात्र तो आसरा देतो, आणि विदूषक त्याची राखण करतो. पण औषधपाण्यासाठी मासा बरेच दिवस वेगळा ठेवला, की परतल्यावर तेच फूल त्यालाही डंख मारतं. तिथे घाई चालत नाही, हे तिला पाठ होतं. घरीही तिने तेच धरलं. बबडीला उचलायला धावायची नाही. हात पसरून जमिनीवर नुसती बसून राहायची. पोरगी लांबून बघायची आणि आत्याकडे पळायची.

शेजारच्या टाकीची काच पुसणाऱ्या मामांना तिने हे सांगितलं. मामा एरवी चेष्टेखोर, पण हसले नाहीत.

“अगं, तू तर फूल होऊन बसलीस. पोर कुठे गेली होती? परत आलीयेस तू.”

टाकीतला मासा फुलाला शेपूट लावत होता, चटका बसला की मागे सरत होता, पुन्हा जात होता.

शनिवारी दुपारी नणंद म्हणाली, पोर झोपलीये तोवर गुपचूप निघते. बबडीची आई नको म्हणाली. आपल्याला न सांगता जाणारं माणूस पोरीने एकदा पाहिलं होतं, तेवढं पुरे. मग नणंदेने तिला उठवलं, पापे घेतले आणि मागे वळून न बघता ती जिना उतरली.

बंद दारावर थापा मारत बबडी रडत होती. आई शेजारी जाऊन बसली. खांद्याला हात लावला, तर पोरीने मनगटाला कडकडून चावा घेतला. आई मागे सरली, डोळे पुसले, पुन्हा जवळ सरकली.

“आई!” बबडीने दाराकडे बघून हाक मारली.

“ओ,” ती म्हणाली.

बबडीने वळून तिच्याकडे नीट पाहिलं.

“तू नाही,” म्हणाली आणि परत दाराकडे तोंड केलं.

आईने दुसरा हात पुढे केला.