दिनानाथ मास्तरांचं पान

“मास्टरजी, ये देखो. फिर गायब.”

हिरानंदशेठनी स्क्रीनवर बोट टेकवलं. दिनानाथ चष्मा सावरत वाकले. प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत ‘इन्क्लूड’ होतं आणि पुढे नुसती मोकळी जागा. तिथलं कोनाच्या कंसातलं एसटीडीआयओ डॉट एच नव्हतंच. खालच्या सगळ्या ओळी एकमेकींना चिकटून त्यांचा एक लांबलचक परिच्छेद झाला होता.

“माझ्याकडूनच राहिलं असेल,” ते म्हणाले.

“तीन दफा राहिलं? सोमवारपर्यंत नीट दिसलं तर तुमच्या नोट्स. नाही तर मी मुंबईवाल्या पार्टीच्या रेडिमेड नोट्स चढवतो. फिर आपको क्या काम दूँ, बोलो?”

शेठ रागावले नव्हते, म्हणून उत्तर देणं आणखी अवघड होतं.

दिनानाथांनी अंबरनाथला सव्वीस वर्षं टायपिंग शिकवलं. कागदावर उमटलं नाही म्हणजे बोटानं दाबलं नाही, एवढं सोपं होतं ते. नव्वदनंतर टायपिंगला मुलं येईनाशी झाली, तेव्हा पन्नाशीत ते स्वतः सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले. गेली दोन वर्षं कॅम्प एकमधल्या शेठच्या या कॉम्प्युटर क्लासात ते फळ्यावर शिकवत होते. आता शेठना सगळे प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या पानावर हवे होते. पालेगाव, जांभूळहून येणाऱ्या मुलांचा वेळ उतरवून घेण्यात जायला नको.

चौथ्यांदा त्यांनी ती ओळ टाइप केली, एकेक अक्षर पुटपुटत. खालची ओळ आत सरकवायला स्पेसबार चारदा दाबला, मग आठदा. पान उघडलं. तसंच.

“सर, त्या स्पेसबारनं काय घोडं मारलंय तुमचं?” शेजारून सुनेत्रा म्हणाली. क्लासातली दुसरी टीचर, वयानं त्यांच्या मुलीएवढी.

“दिसत नाहीये गं. चुकतंय काहीतरी माझं.”

तिनं त्यांचं टायपिंग आणि पान शेजारी शेजारी लावून पाहिलं. “तुमचं काही चुकलेलं नाही. कोनाच्या कंसात काही आलं की ब्राउझरला वाटतं, ही आपल्याला दिलेली ऑर्डर. तो ते दाखवत नाही, गिळतो. आणि स्पेस कितीही द्या, एकच धरतो. प्री टॅगमध्ये टाका, ओळी जशाच्या तशा राहतील. उघडणाऱ्या कंसाच्या जागी मात्र अँडचं चिन्ह, एलटी, सेमीकोलन असं लिहायचं, म्हणजे पानावर कंसच दिसतो.”

“प्रत्येक कंसाला?”

“प्रत्येक. हाताने. एकसष्ट प्रोग्रॅम आहेत ना? सोडा सर. मी बोलते शेठशी.”

“नको, बोलू नकोस.”

शनिवार गेला. रविवारी त्यांनी क्लास उघडून घेतला. एक कंस सापडायचा, तो बदलायचा, पुढचा शोधायचा. मनगट भरून आलं. आपलं चुकलेलं नव्हतं, हे मधूनमधून ते मनाशी म्हणून पाहत. खरं वाटत नसे.

सोमवारी दुपारी शेठनी सहाही कॉम्प्युटरवर पानं उघडून पाहिली.

“एक नंबर, साईं! अब फळा किसको चाहिए? उद्यापासून थिअरीचा तास बंद. पोरं इथंच वाचतील. तुम्ही फक्त पानं बनवा.”

दिनानाथांनी मान हलवली. काम टिकलं होतं. त्यांना हवं होतं तेही हेच.

मंगळवारी मुलं सहा स्क्रीनसमोर बसली. आपापलं पान वाचू लागली. थोड्या वेळानं जांभूळची तुळशी मागे वळली.

“सर, आपन मोजताव एकपासना, मंग यो कॉम्प्युटर शून्यापासना कनाला मोजतं?”

दिनानाथ उठून तिच्याजवळ गेले. हात पुढे करून त्यांनी बोटं पसरली. “हे बघ. अंगठ्यापासून निघालीस. अंगठ्यापाशीच थांबायचं, तर किती बोटं ओलांडावी लागतील?”

तुळशी हसली. तिनंही आपली बोटं पसरून मोजायला घेतली.

“मास्टरजी,” काउंटरवरून शेठ म्हणाले, “पेजवरच लिहा ना. एकदा लिहिलं की सगळ्यांच्या कामाला येईल.”

त्यात वावगं काही नव्हतं. दिनानाथांनी हात खाली घेतला आणि जागेवर येऊन बसले. बोटांचं कसं लिहावं ते सुचेना. त्यांनी एक ओळ टाइप केली, पुसली, पुन्हा सुरू केली.

दोन खुर्च्या पलीकडे तुळशी स्क्रीनकडे तोंड करून तिथं उत्तर येण्याची वाट पाहत होती.