चार मिनिटांचा उशीर

“ताई, बसा ना. उभ्यानं काय बोलताय?” शाकीर खाटेवरून म्हणाला.

त्याचा उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. गुडघा आता वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेजारी त्याची आई सरदारबी तांदूळ निवडत होती.

अंजना बसली. सणसवाडीतल्या एका छोट्या कंपनीत ती इंजिनिअर होती. वडगाव रासाईत भीमेच्या काठावर बसवलेलं वायरलेस यंत्र तिनंच तयार केलेलं. नदीच्या वरच्या अंगाला बंधाऱ्यातून पाणी सुटलं की तिथून संदेश यायचा आणि इथला भोंगा वाजायचा. शाकीर नदीत उतरून शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी काढायचा, बसवायचा. भोंग्याच्या भरवशावर पाण्यात उभा राहायचा.

यंत्र बसवताना तो म्हणाला होता, “मला बाकीचं काय बी नको. पानी सुटलं, येवढं लगेच कळू द्या.”

संदेश वाटेत बिघडायचे, म्हणून त्यांच्यासोबत दुरुस्तीचे जादा आकडे पाठवावे लागत. संदेशाचे छोटे तुकडे केले तर ते लगेच वाचता येत. पण निम्मी जागा जादा आकड्यांतच जाई. चार मिनिटांचा एक मोठा गठ्ठा केला तर तेवढ्याच वेळात जवळपास दुप्पट माहिती मावे. फक्त गठ्ठा पुरा आल्याशिवाय त्यातलं काहीच वाचता येत नसे. अंजनानं मोठा गठ्ठा निवडला. पाण्याच्या पातळीबरोबर बंधाऱ्यापासून इथवरच्या बाराही मोटारींचं व्होल्टेज, करंट, तापमान मोबाइलवर दिसू लागलं. कंपनीचे साहेब खूश झाले. चार मिनिटांनी काय बिघडतंय, असं तिला वाटलं होतं.

गेल्या मंगळवारी दुपारी पाणी सोडण्यासाठी बंधाऱ्याच्या फळ्या काढल्या गेल्या. भोंगा वाजला तेव्हा पाणी शाकीरच्या छातीला लागलं होतं. सरकलेल्या मोटारीनं त्याचा गुडघा दगडावर चेपला.

“तुमच्या कंपनीचा मानूस आलता,” शाकीर म्हणाला. “रेंज गेली व्हती म्हनला.”

“नव्हती गेली. संदेश वेळेवर निघाला होता, शाकीरभाई. तो उशिरा वाचला जाईल, असा मीच बांधला होता. कंपनीला तसं लिहून दिलंय. ही त्याची प्रत.”

सरदारबीचा हात सुपात थांबला.

शाकीरनं कागद घेतला, पण वाचला नाही. “मंग आता?”

“आता तुकडे छोटे केलेत. भोंगा दहा सेकंदांत वाजतो. मोबाइलवर आकडे कमी दिसतात, एवढंच.”

“दहा सेकंद.” तो आढ्याकडे बघत राहिला. “तवा जमत न्हवतं व्हय?”

अंजनानं मान खाली घातली. “जमत होतं.”

शाकीरनं कागदाची घडी करून उशाखाली ठेवली. मग शाकीर म्हणाला, “उद्या माज्या जागी महेंद्र उतरतोय. म्या सांगितलं तर त्यो घाबरंल. तुमीच सांगा त्याला, समदं.”

दुसऱ्या दिवशी तिनं महेंद्रला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, भोंगा एकदा वाजवून पाहिला आणि पाण्यात उतरला. अंजना काठावरच बसली. परतीच्या जीपची वेळ टळून गेली. महेंद्र बाहेर येईपर्यंत ती नदीच्या वरच्या अंगाला बघत राहिली.