स्वयंपाकघर माझं

"आज मशीन सरकवू नका," मामी म्हणाल्या. "आजपासून प्रार्थना तिकडे आहे ना."

मामांचे हात शिलाई मशीनवरच राहिले. दर रविवारी मशीन भिंतीला लावायचं, कापडाचे गठ्ठे पलंगाखाली ढकलायचे, सतरंजी अंथरायची आणि माणसं यायच्या आत स्वयंपाकघरात शिरून दार लोटून घ्यायचं, हा त्यांचा नेम होता. प्रार्थनेला मात्र ते कधी बसले नाहीत.

परदेशातून आलेल्या पाद्रीसाहेबांना सुरुवातीला वस्तीत कुणी उभं करत नव्हतं. मामींनी पुढची खोली देऊ केली, तेव्हा मामांनी अट घातली. "रविवारी खोली तुमची, स्वयंपाकघर माझं. बसा, गा, काय हवं ते करा. पण मला बोलवायचं नाही. तुम्ही नाही आणि हिनेही नाही."

पाद्रीसाहेब शब्दाचे पक्के निघाले. वस्तीतल्या अट्टल दारुड्याच्या दारात जाऊन त्यांनी त्याला दहादा बोलावलं, पण स्वयंपाकघराच्या दारावर कधी टकटक केली नाही. मामा आत भाजी चिरत बसायचे. चिरता चिरता त्यांना सगळी गाणी पाठ झाली. "तुमचा तो दूधवाला गाताना फार वर चढतो, त्याला आवरा," असं नंतर मामींना सुनवायचेही. कधीपासून कोण जाणे, पण कुणीतरी हाक मारावी असं त्यांना वाटू लागलं होतं. आता ते सांगायचं कोणत्या तोंडाने? अटही त्यांचीच आणि अडचणही त्यांचीच.

यंदा कोपऱ्यावर प्रार्थनेला जमणाऱ्या मंडळीची स्वतःची इमारत उभी राहिली. मंडळी आपल्या पायांवर उभी राहिली की कारभार तिथल्याच माणसांवर सोपवायचा आणि आपण नव्या गावी पहिल्यापासून सुरुवात करायची, ही पाद्रीसाहेबांची रीत. परवा ते निरोप घ्यायला आले. नव्या इमारतीतल्या मेजासाठी मामांनी पांढरं कापड शिवून ठेवलं होतं, ते त्यांनी पुढे केलं. साहेबांनी कडेच्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"मामा, तुम्हाला बोलवावं असं फार वाटायचं," ते म्हणाले. "पण शब्द दिला होता."

"पाळलात," मामा म्हणाले. तुमची गाडी सुटेपर्यंत बोलवायला अजून वेळ आहे, एवढं तरी म्हणावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंडातून निघालं ते, "चहा घेणार?" साहेब चहा पिऊन गेले.

आज मामी एकट्याच निघाल्या. मागे वळून बघायचं त्यांनी टाळलं. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की चष्मा घरीच राहिला. चष्म्याशिवाय गाण्याच्या पुस्तकातलं अक्षर दिसायचं नाही, म्हणून त्या परत फिरल्या.

घराचं दार उघडंच होतं. मशीन भिंतीला लागलं होतं. सतरंजी अंथरलेली होती, तिचा दुमडलेला कोपराही कुणीतरी सरळ केला होता. खोलीत माणूस नव्हतं. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं आणि आतून सुरीचा आवाज येत होता.

नव्या इमारतीतली घंटा इथवर ऐकू येत होती. चष्मा समोर खिडकीतच होता, पण मामींनी तो उचलला नाही. इतकी वर्षं पाळलेली अट त्यांनी मोडली.

"अहो, येताय का?"

सुरी थांबली.

"कुठे?"

"बाहेरच्या खोलीत."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. मामांनी हात पुसले, पुन्हा पुसले. आपल्याच घरात आपण कुठे बसायचं हे त्यांना कळेना. शेवटी ते उंबऱ्याजवळ, लोक चपला काढायचे तिथे, सतरंजीच्या कडेला बसले. मामी सतरंजीच्या मधोमध बसल्या.

"पुस्तक?" मामांनी विचारलं.

"दिसत नाही मला."

मग मामांनीच पहिली ओळ सुरू केली, खालच्या पट्टीत.